बासष्ट घरांचं ‘हाय की’

मीनाबाईंच्या दारात उभं राहून कुणी ‘तुमच्याकडं अमकं आहे का’ असं विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. हाय की. विळी आहे का? हाय की. उंच शिडी? हाय की. शिडी त्यांच्या घरात जन्मात कधी नव्हती. पण मागच्या दारानं जाऊन शेजारच्या नागनाथभाऊंची उचलायची आणि पुढच्या दारानं मागणाऱ्याच्या हातात द्यायची, एवढं त्यांना सहज जमायचं. दारात आलेल्या माणसाला ‘न्हाय’ म्हणणं त्यांच्या जिवावर येई.

एकट्या मीनाबाईंना तरी कशाला बोला. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या अंगाला वसलेली अख्खी नालंदा वसाहतच या वळणाची होती. बासष्ट घरं. बहुतेक सगळी बौद्ध, टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत राबणारी, आणि नाकावर माशी बसू न देणारी. विहार बांधला तो सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून, अभ्यासिकेतलं पुस्तक न पुस्तक आणलं ते वर्गणीतून. त्यामुळं कागद-पेन घेऊन कुणी आलं आणि घरात काय काय नाही ते विचारू लागलं, की वसाहतीच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

तर मार्च महिन्यात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी टॅब घेऊन आली. सोलापुरातल्या ज्या वस्त्यांत वेगवान नेट पोचलेलं नाही तिथं योजनेतून स्वस्तात फायबरची लाईन टाकायची होती, आणि त्यासाठी घरोघर विचारणा चालली होती. हे तिनं नीट सांगितलं की नाही कोण जाणे. ऊन मी म्हणत होतं आणि ती बिचारी घाईत होती. वसाहतीतलं पहिलं घर मीनाबाईंचं. तिनं विचारलं, घरी नेट आहे का? मीनाबाई म्हणाल्या, "हाय की." मनातल्या मनात त्या पुढं म्हणाल्या होत्या, ‘विहाराच्या तिसऱ्या पायरीवर’. पण मनातलं टॅबवर उमटत नाही.

तिसऱ्या पायरीची गोष्ट अशी, की आख्ख्या वसाहतीत मोबाईलला बरी रेंज तेवढी तिथंच मिळायची. दुसरीवर बसलात तर आवाज तुटायचा, चौथीवर गेलात तर फोनच जायचा. ज्यांना कुणाला फॉर्म भरायचा, निकाल बघायचा, माहेरच्यांचं तोंड बघायचं, ती सगळी मंडळी तिसऱ्या पायरीवर खेटून बसायची. पायरी लांब होती म्हणून निभत होतं.

मीनाबाईंकडं आहे म्हटल्यावर शेजारणीनं नाही कसं म्हणायचं? तिनंही ‘हाय की’ म्हटलं. तिच्याकडं आहे म्हटल्यावर समोरचीनं तरी मागं का राहायचं? अशानं ती मुलगी दुपारपर्यंत तीन घरचा चहा, दोन घरचं सरबत आणि बासष्टच्या बासष्ट घरांचं ‘आहे’ घेऊन आनंदानं निघून गेली. जाताना म्हणालीसुद्धा, किती छान वस्ती आहे तुमची. वसाहतीची छाती फुगली.

हा फुगा फुटला तो जुलैत. मीनाबाईंची मुलगी प्रतिक्षा बी.कॉम. झाली होती आणि दीड वर्ष नोकरीसाठी वणवण करत होती. तिला पुण्याच्या एका कंपनीत काम मिळालं. दवाखान्यांच्या पेशंटना संगणकावर समोरासमोर बघून बोलायचं, कुठल्या डॉक्टरांकडं कधी जायचं ते समजावून सांगायचं. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारं माणूस त्यांना हवं होतं, आणि आजोळ अक्कलकोटकडचं असल्यानं प्रतिक्षाची कन्नड पाण्यासारखी वाहती. काम घरी बसून करायचं, पगार चांगला. अट एकच. घरात फायबरची पक्की लाईन पाहिजे. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी सकाळी नऊला कंपनी लाईन तपासणार, आणि ती नसेल तर पुण्याला येऊन राहा, नाहीतर काम दुसऱ्याला.

पुण्यात राहायचं तर पगार खोलीच्या भाड्यातच जाणार. शिवाय वडील गेल्यापासून घरात माणसं दोनच, माय आणि लेक. लेकीनं जावं की नको यावर मीनाबाई कधी बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. खाजगी कंपन्यांची वायर मोठ्या रस्त्यावर येऊन थांबली होती. एवढ्याशा वस्तीसाठी आत यायला त्या तयार नव्हत्या. म्हणून प्रतिक्षा योजनेच्या ऑफिसात गेली, आमची लाईन कधी येणार विचारायला. आणि संध्याकाळी तणतणत परत आली.

तिनं सांगितलं ते असं. ऑफिसातल्या राजशेखर नावाच्या इंजिनियरसाहेबांनी यादी काढून दाखवली. शेजारच्या दोन्ही वस्त्यांची नावं कामात लागलेली होती. आणि नालंदा वसाहतीपुढं शेरा होता, सगळ्या घरांत नेट पोचलेलं आहे, लाईनची गरज नाही.

"कुण्या शहाण्यानं सांगितलं असेल गं आई?" प्रतिक्षा म्हणाली.

चुलीवरचा... म्हणजे गॅसवरचा चहा उतू गेला तरी मीनाबाईंना कळलं नाही. त्यांनी फडकं घेतलं, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. पुसायला काही उरलं नाही तेव्हा तोंड फिरवूनच त्या म्हणाल्या, "पयलं घर आपलंच हाय की."

प्रतिक्षानं कपाळावर हात मारला. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मीनाबाईंना ते रडणं बघवेना. स्वतःच्या जिभेचा त्यांना असा राग आला, की रात्री जेवणात त्यांनी त्या जिभेला मिरचीचा ठेचा तेवढा वाढला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी दोघी ऑफिसात गेल्या. राजशेखरसाहेब माणूस सरळ होता. त्यानं सांगितलं, वस्तीतल्या प्रत्येक घरानं ‘आमच्याकडं नेट नाही’ असं सहीनिशी लिहून द्यावं. मग मी स्वतः येऊन तपासतो आणि नाव यादीत घालतो. शेजारी काम चालूच आहे, नाव आलं की चार-पाच दिवसांचं काम.

ऐकायला सोपं वाटलं. पण नालंदा वसाहतीकडून ‘नाही’ लिहून घ्यायचं, म्हणजे वाघाला गवत चारण्यातला प्रकार. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. आधी तुमी लिवा, मग आमी लिवतो, असं सुरू झालं. आणि शेवटी सगळ्यांनी एकच नाव घेतलं. नागनाथभाऊंनी सही केली तर आमी करू.

नागनाथभाऊ यंत्रमागाचे मिस्त्री म्हणून चाळीस वर्षं राबून निवृत्त झालेले आणि विहाराच्या समितीचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि इस्त्रीपेक्षा कडक बोलणं. मीनाबाई गेल्या तेव्हा ते अभ्यासिकेतल्या पुस्तकांना कव्हरं घालत होते. जय भीम झाला, पाणी झालं, आणि मीनाबाईंनी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि परत दिला.

"वैनी, आयुष्यभर लोक आपल्याकडं आले ते यांच्यात काय काय न्हाय तेवढंच मोजायला," ते म्हणाले. "तुमचा मालक आन मी, दोघांनी ह्या हातानं हितल्या विटा वाहिल्या, ते कुणाला न्हाय म्हणायला लागू नये म्हणून. आता मी माज्याच हातानं लिवून देऊ, आमच्याकडं न्हाय म्हणून?"

मीनाबाईंनी कागदाची घडी घातली. कारण ते म्हणत होते ते त्यांनाही पटत होतं. इतकी वर्षं त्यांच्या ‘हाय की’च्या मागं हेच तर होतं. तशाच उठून त्या दारापर्यंत गेल्या, आणि तिथं त्यांचं लक्ष स्वतःच्या बोटांकडं गेलं. डाव्या हाताच्या अंगठ्याला खडूचा निळा डाग होता. तो कधी जातच नसे. कारखान्यात त्यांचं काम टॉवेल तपासायचं. दिवसाला हजार टॉवेल डोळ्यांखालून जायचे, आणि धागा सुटलेला दिसला की त्यावर निळी फुली मारून बाजूला टाकायचा. कारखान्याचा मालक समोर उभा असला तरी फुली म्हणजे फुली.

त्या मागं वळल्या. "भाऊ, मी वीस वर्सं टावेल तपासते," त्या म्हणाल्या. "खराब हाय त्याला खराब म्हणते. त्यात टावेलाची लाज न्हाय न् माजी बी न्हाय. फुली मारली न्हाय तर दुरुस्त कोण करणार? तुमी मागाचे मिस्त्री. माग बंद पडला तर तुमी काय चालू हाय म्हणून सांगत हुता व्हय?"

नागनाथभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सही त्यांनी त्या दिवशी केलीच नाही. साहेब येऊ दे, मी तोंडानं सांगतो, एवढंच म्हणाले. पण मीनाबाई तेवढ्यावर घरोघर फिरल्या, भाऊ तोंडानं सांगणार हायत असं सांगत, आणि चार दिवसांत एकसष्ट सह्या गोळा केल्या.

राजशेखरसाहेब आला तो नेमका कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी. वसाहत विहारासमोर जमली. साहेबानं मोबाईल काढला, वेग मोजायचं ॲप उघडलं, आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून बटण दाबलं. काटा सर्रकन वर गेला. त्यानं दुसऱ्या गल्लीत जाऊन पुन्हा दाबलं. पुन्हा वर. मीनाबाई साहेबाच्या खांद्यावरून डोकावल्या. हे काय आक्रीत? मग प्रतिक्षाच्या लक्षात आलं. एरवी त्या एकाच टॉवरला भोवतालच्या कारखान्यांतल्या हजारभर कामगारांचे मोबाईल लोंबकळलेले असत. आज सगळे आपापल्या घरी होते. तिनं ते साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, असेलही, पण मला दिसतं तेच लिहावं लागतं. आणि तो पिशवीत मोबाईल ठेवू लागला.

मीनाबाई पुढं झाल्या. "साहेब, थांबा थोडं. तुमी एकट्यानं मोजलंसा. आमी काय एकेकटे जगतो व्हय? सगळ्यांचा एकदम मोजा." आणि वळून त्यांनी वसाहतीला फर्मावलं, ज्याच्या घरात जेवढे फोन असतील तेवढे घेऊन या आणि जे बघायचं ते बघा.

मग जी धमाल उडाली ती सांगता सोय नाही. मिनिटभरात विहारापुढं दीडशे मोबाईल गोळा झाले. कुणी बुद्धवंदना लावली, कुणी क्रिकेट, कुणी दालच्या-भाताची कृती. एकीनं करमाळ्याच्या भावाला फोन लावला आणि त्याचं तोंड बघत वहिनीची चौकशी सुरू केली. सुरुवातीला सगळा एकच गलका झाला. मग एकेक आवाज अडखळायला लागला. फलंदाजानं बॅट उचलली ती उचललेलीच राहिली. करमाळ्याचा भाऊ तोंड उघडून जागच्या जागी थिजला, आणि त्याची बहीण त्याला घाबरून हाका मारू लागली. पाहता पाहता विहारापुढं सगळं चिडीचूप झालं, आणि दीडशे पडद्यांवर तेवढी ती गोल चकली फिरत राहिली.

साहेबानं स्वतःचा मोबाईल पुन्हा काढला. बटण दाबलं, तर काटा शून्यावरून हलेना. तो हसला, खुर्ची मागून घेतली आणि कागद काढला. आता नियमाप्रमाणं विचारतो, म्हणाला. पहिलं नाव मीनाबाईंचं.

"मावशी, घरी नेट आहे का?"

सवयीनं जीभ टाळ्याला लागली होती. मीनाबाईंनी ती दाताखाली धरली. "न्हाय," त्या म्हणाल्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना हलकं वाटलं. मग पुढची घरं भराभर झाली. न्हाय, न्हाय, न्हाय. शेवटी साहेब नागनाथभाऊंपाशी आला. भाऊ ताठ उभे होते. त्यांच्या तोंडून ‘हा...’ निघालं आणि वसाहतीच्या माना एकदम त्यांच्याकडं वळल्या. भाऊंनी घसा खाकरला.

"न्हाय की," ते म्हणाले.

अशी वसाहत हसली, की साहेबाला का ते शेवटपर्यंत कळलं नाही. भाऊही हसले, आणि त्यांनी सही केली.

नाव यादीत आलं. पण चार-पाच दिवस म्हणता म्हणता ऑगस्ट संपत आला. खांब उभे राहिले, काळी वायर गल्लीगल्लीतून फिरली, घराघरांत पांढरी डबी बसली, आणि शेवटच्या सोमवारच्या आधीचा शनिवार उजाडला. दुपारी राजशेखरसाहेब काम पूर्ण झाल्याचा कागद घेऊन आला. वसाहतीच्या वतीनं सही मीनाबाईंची, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. सही झाली की तासाभरात लाईन सुरू. नाही झाली तर उद्या रविवार, ऑफिस बंद, आणि सोमवारी दुपारच्या आत काही होणार नाही. प्रतिक्षा कामासाठी आणलेला हेडफोन गळ्यात अडकवून सकाळपासून घरभर फिरत होती.

साहेबानं कागद वाचून दाखवला. वसाहतीतल्या सर्व घरांत जोडणी झाली आहे. मीनाबाई म्हणाल्या, सही करते, पण आधी एक फेरी मारून येते. वीस वर्षांची सवय, न बघता कधी शिक्का मारला नव्हता. साहेबाला घेऊन त्या घर न घर बघत निघाल्या. डबी आहे, वायर आहे, ठीक. असं करत शेवटच्या गल्लीच्या टोकाला सिद्धम्माच्या घरी आल्या.

सिद्धम्मा म्हणजे कडक भाकऱ्या करणारी. अक्कलकोटकडून येऊन इथं एकटीच राहायची, कन्नड जास्त आणि मराठी कमी बोलायची. तिच्या पातळ भाकऱ्यांना पुण्या-मुंबईहून मागणी यायची, ती मोबाईलवर. पण मागणी वाचायला तिला गुडघे धरत तिसऱ्या पायरीपर्यंत यावं लागे. तिच्या भिंतीवर पांढरी डबी होती. मीनाबाईंनी डबीमागं हात घातला. वायर नव्हती. बाहेर येऊन बघितलं, तर वायर अलीकडच्या खांबावर वेटोळं करून बांधून ठेवलेली.

सोबत आलेला ठेकेदाराचा माणूस म्हणाला, चाळीस फूट कमी पडली, रीळ संपलं, ते घर पुढच्या टप्प्यात घेऊ. साहेब कानकोंडा झाला. म्हणाला, "मावशी, एकच घर आहे. तुम्ही आज सही करा, मी नंतर बघतो."

मीनाबाईंनी मागं बघितलं. गल्लीच्या तोंडाशी प्रतिक्षा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा उतरला, डोळे भरले. ती नुसती खाली बघत राहिली. मीनाबाईंच्या हातात पेन होतं. एक सही, आणि लेक घरात राहणार होती. आणि सिद्धम्मा दारात उभी राहून, आपल्यामुळं काहीतरी अडलंय एवढं समजून, हातानंच खुणावत होती की राहू दे, माझं राहू दे.

"न्हाय," मीनाबाई म्हणाल्या. "साहेब, एक धागा सुटला तर आमच्यात आख्खा टावेल बाजूला काढतात. हितं तर घर सुटलंय."

तेवढ्यात स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. प्रतिक्षानं ओढणीनं डोळे पुसले होते आणि शेजारणीची स्कूटर बाहेर काढली होती. ती ठेकेदाराच्या माणसाला म्हणाली, "गोदाम कुठं आहे तुमचं? बसा मागं." तो बिचारा आधी साहेबाकडं, मग मीनाबाईंकडं बघत राहिला, आणि मग मुकाट्यानं बसला.

गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोघं परत येईतो साडेपाच झाले. तोवर साहेबाला सिद्धम्मानं पाटावर बसवून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं होतं, आणि कन्नडमधून दोघांच्या अशा गप्पा रंगल्या होत्या, की साहेब घड्याळ बघायचं विसरला होता. प्रतिक्षा रीळ खांद्याला अडकवून आली. नागनाथभाऊंनी आपली शिडी आणली. या खेपेला ती समोरच्या दारानं आली. माणूस शिडीवर चढला, वायर ओढली, जोडली. साहेबानं ऑफिसात थांबवून ठेवलेल्या माणसाला फोन लावला आणि सहीच्या आधी चाचणीपुरती लाईन सोडायला सांगितली. पाचेक मिनिटं गेली. सगळी वसाहत सिद्धम्माच्या दारात माना उंचावून उभी.

डबीवर हिरवा दिवा लागला. सिद्धम्मा मोबाईल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिली. मग पडद्यावर पुण्याहून आलेल्या मागण्या एकापाठोपाठ एक उघडू लागल्या.

"बंतु," ती म्हणाली. आलं.

प्रतिक्षा धावत घराकडं गेली, आपली डबी बघायला. राजशेखरसाहेबानं कागद मीनाबाईंच्या पुढं धरला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. "मावशी, आता तरी सांगा," तो म्हणाला. "सगळ्या घरांत नेट आहे ना?"

मीनाबाईंनी पेन हातात घेतलं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी एकदा बघून घेतलं. विहाराची तिसरी पायरी इथून दिसत होती, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

"हाय की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. या खेपेला मनातल्या मनात पुढं काही म्हणायचं राहिलं नव्हतं.